दोनपैकी एक पुरे

मला लोकांचा राग चटकन येतो. सर्व्हरचा कधी येत नाही, कारण तो सांगितलं तेवढंच करतो. म्हणून त्या बुधवारी सकाळी जे झालं त्याचं खापर फोडायला मला दुसरं डोकं सापडलं नाही. नियम मी लिहिला होता.

आमचं ऑफिस मासाका शहरात, बाजाराच्या वरच्या अंगाला. नवऱ्याच्या, भावाच्या, बापाच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना आम्ही लपवतो. ऑफिसात नाही, ऑफिस तर नाक्यावरच्या कसायालाही ठाऊक आहे. खेड्यापाड्यांत काही भल्या माणसांची घरं आहेत, तिथं एकेकीला ठेवतो. कोण कुठं आहे याचं रजिस्टर आमच्या वेबसाइटच्या आतल्या भागात असतं. त्या भागात कुणाला सोडायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, ते मी ठरवते. माझं नाव प्रोस्कोविया नालवोगा. सगळे प्रोसी म्हणतात.

बाकी सगळं सेंगा ठरवतात. सेंगा म्हणजे आत्या. त्यांचं खरं नाव तेओपिस्ता नाबावानुका, वय सदुसष्ट, आणि त्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नाहीत, पण अख्खा मासाका त्यांना सेंगाच म्हणतो. त्यांचे नियम कागदाच्या काळातले. आसरा देणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं नाही, गावाचंही नाही. नुसत्या रस्त्याच्या खुणा लिहायच्या. फोनवर जागेविषयी बोलायचं नाही. धोका असला तर एक ठरलेलं वाक्य बोलायचं. मी या सगळ्याला हसायचे. ‘सेंगा, तुमचे नियम म्हणजे पत्रातून प्रेम करणाऱ्यांचे,’ असं एकदा तोंडावर म्हणाले होते.

माझा नियम कसा आधुनिक! रजिस्टरच्या दारावर मी दोन अटी ठेवल्या होत्या. एक, माणूस आमच्या ऑफिसातूनच आलेला असावा. आमच्या इंटरनेटच्या तारेला स्वतःचा पत्ता होता, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. तो बघून सर्व्हर ओळखायचा. दोन, पासवर्ड माहीत असावा. शहाण्या बाईनं दोन्ही अटी सक्तीच्या ठेवल्या असत्या, आणि सुरुवातीला मीही ठेवल्या होत्या. पण सेंगांना पासवर्ड टाकायला चष्मा सापडायचा नाही, चष्मा सापडला की पासवर्ड आठवायचा नाही, आणि मग सगळ्या मजल्यावर हाक घुमायची, “प्रोसी! तुझं यंत्र मला ओळखत नाही!” दिवसातून सहादा. शेवटी वैतागून मी एक शब्द बदलला. ‘दोन्ही’ होतं तिथं ‘दोनपैकी एक’ केलं. ऑफिसात असाल तर पासवर्ड नको, बाहेर असाल तर हवा. दोन वर्षं सुरळीत चाललं.

सोमवारी रस्ता खोदणाऱ्यांनी आमची तार तोडली.

तार जोडायला आठवडा लागेल म्हणाले. मी फोन कंपनीचं कार्ड घातलेला मोडेम लावून दिला आणि ऑफिस पुन्हा सुरू झालं. पण मोडेमचा पत्ता वेगळा, त्यामुळे सर्व्हरनं सेंगांना पुन्हा पासवर्ड विचारायला सुरुवात केली. “प्रोसी! मी मेले असं समजतंय का हे?” माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. आम्ही आता कुठल्या पत्त्यावरून बाहेर दिसतो ते बघितलं, तो आकडा उचलला आणि ‘ऑफिस’ म्हणून नियमात टाकला. दोन मिनिटांचं काम. सेंगा आत गेल्या, मला आशीर्वाद दिला, मी चपाती खायला बसले.

मला माहीत होतं. हेच तर मला सहन होत नाही. आमच्याकडे एका फोन कंपनीचे हजारो फोन एकाच पत्त्याआडून बाहेर पडतात, हे मी स्वतः दोन वेळा प्रशिक्षणात लोकांना शिकवलंय, फळ्यावर चित्र काढून. मी नियमात टाकलेला तो आकडा आमच्या ऑफिसाचा नव्हताच. तो अर्ध्या जिल्ह्याचा होता. आणि दोनपैकी एक पुरे असल्यामुळे अर्ध्या जिल्ह्याला आता पासवर्ड लागत नव्हता.

बुधवारी दहा वाजून चौतीस मिनिटांनी मी चहा घेऊन लॉग उघडला. लॉग म्हणजे कोण किती वाजता दाराशी आला आणि त्याला काय उत्तर मिळालं याची नोंद. तीन आठवड्यांपासून एक फोन अधूनमधून येत होता, आणि सर्व्हर त्याला दर वेळी चारशे एक, म्हणजे ‘परत जा’ असं उत्तर देत होता. मी त्याचं नाव टकटक्या ठेवलं होतं. एकवीस वेळा आला, एकवीस वेळा परत गेला. सेंगांना मी कौतुकानं सांगितलंही होतं, “बघा, आपलं दार कसं मजबूत आहे.” तो कुठलं पान मागतोय ते बघायचे कष्ट मात्र घेतले नव्हते.

त्या सकाळी टकटक्या बाविसाव्यांदा आला होता. दहा वाजून बारा मिनिटं. उत्तर: दोनशे. म्हणजे ‘या, आत या.’

चहा टेबलावर सांडला. मी पान बघितलं. क्रमांक एकशे चार. नालोंगो.

जुळी झाली की आमच्याकडे आई नालोंगो होते आणि बाप सालोंगो, आणि मरेपर्यंत गाव त्यांना त्याच मानानं हाक मारतं. एकशे चार क्रमांकाची नालोंगो सात आठवड्यांपूर्वी डावा हात मोडून आमच्याकडे आली होती. बरोबर चार वर्षांच्या दोन मुली, बाबिर्ये आणि नाकातो. नवरा बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींच्या थांब्याचा चेअरमन. शहरातले निम्मे मोटारसायकलवाले त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. तिनं मदतीसाठी आमचा पहिला अर्ज स्वतःच्या फोनवरून भरला होता, आणि सेंगांच्या सांगण्यावरून तो फोन घरीच ठेवून निघाली होती. अर्ज भरला की तिच्या पानाचा दुवा फोनमध्ये राहतो. मी जुन्या नोंदीतला फोन आणि टकटक्याचा फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले. तीच बनावट, तोच जुना ब्राउझर, एका आकड्याचाही फरक नाही. तो तिच्याच फोनवरून येत होता.

दहा एकोणतीसला तो परत आला होता. पुन्हा दोनशे.

मी लॅपटॉप उचलून सेंगांच्या खोलीत गेले ती धावतच. “सेंगा, सालोंगोनं पान वाचलंय. नालोंगोचं. माझ्या चुकीनं. बावीस मिनिटं झाली.”

सेंगांनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“सगळं वाचलं?”

“खुणा. सगळ्या.”

“बंद कर मग! तोंड काय बघतेस माझं? बंद कर ते दार!”

माझं बोट कळीवर होतं. एक ओळ पुसली की तो बाहेर. पण तेवढ्यात माझं डोकं, जे सोमवारी चालायला हवं होतं, ते चालायला लागलं.

“थांबा. तो दुसऱ्यांदा का आला?”

“म्हणजे?”

“एकदा वाचलं, मग सतरा मिनिटांनी परत का उघडलं? तो निघालाय, सेंगा. रस्त्यात थांबून पुढची खूण बघतोय.”

आमच्याकडे घरांना नंबर नसतात, ते असते तर एव्हाना सगळं संपलं असतं. पानावर लिहिलं होतं ते असं: बुकाकाटा रस्ता. तिसऱ्या बाजारापुढे लाल मशीद. तिथं दोन फाटे, उजवा घ्या. मोठा फणस. हातपंप. पंपामागे निळ्या दाराचं घर. कुणाचं घर ते लिहिलेलं नव्हतं, गावही नव्हतं. सेंगांचा कागदाच्या काळातला नियम.

“फोटो काढून ठेवला असेल तर?” सेंगा म्हणाल्या.

“तर परत उघडलं नसतं. आणि हे पान फोनमध्ये साठत नाही, तशी सूचना मीच घातलीय. प्रत्येक वेळी त्याला आपल्या दाराशी यावं लागतंय.”

“मग?”

“आता बंद केलं तर त्याला कळेल की आपल्याला कळलं. फाटा उजवा हे आठवत असेलच त्याला. नाही आठवलं तर दोन्ही बघेल. पण उघडं ठेवलं, आणि खूण बदलली तर...”

सेंगा माझ्याकडे वळल्या. “तू त्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं म्हणतेस. आज. तू.”

“हो. मी.”

त्यांनी फोन उचलला. “मी जाज्जाला फोन लावते. तू तुझं कर.”

जाज्जा म्हणजे आजी; निळ्या दारामागं राहणारी, तळ्याकाठी मासे वाळवणारी म्हातारी. फोन लागला, आणि मग ते सुरू झालं ज्यानं माझे प्राण कंठाशी आले. जाज्जानं रात्र कशी गेली विचारलं. सेंगांनी बरी गेली सांगितलं, तुमची कशी गेली विचारलं. मग घरच्यांची. मग गुडघ्यांची. मग पावसाची. मी हातवारे करून ‘आटपा, आटपा’ म्हणत होते आणि सेंगा भिंतीकडे बघून शांतपणे विचारत होत्या, “आणि मासे वाळतायत ना नीट?” घाई केली असती तर म्हातारी घाबरली असती, आणि शेजारी कोण ऐकत बसलंय कुणाला माहीत. शेवटी, अगदी सहज, निरोप घेता घेता त्या म्हणाल्या, “न्याबो बाई, आमची तांबडी कोंबडी सुटलीय हो. दोन पिल्लं पण.”

पलीकडे कसलंसं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग जाज्जा म्हणाली, “अगं बाई. बघते.” आणि फोन ठेवला.

त्या वाक्याचा अर्थ होता: बाईला आणि पोरींना आत्ताच्या आत्ता पायी तळ्यावर ने आणि होडीत बसव. रस्त्यावर आणू नको. रस्त्यावर प्रत्येक नाक्याला बोडावाला होता, आणि प्रत्येक बोडावाल्याला सालोंगोचा नंबर पाठ होता.

“होडी मिळायला?” मी विचारलं.

“अर्धा तास. पाऊण. पोरी चालणार, तिचा हात गळ्यात. पाऊण धर.”

दहा बेचाळीस झाले होते. माझ्या अंदाजानं पन्नासच्या सुमाराला तो लाल मशिदीशी पोचणार होता, आणि तिथून जाज्जाचं घर दहा मिनिटांवर.

मी नियम लिहायला घेतला. रजिस्टरच्या दारावर ‘दोनपैकी एक’च्या जागी ‘दोन्ही’ केलं आणि फोन कंपनीचा तो आकडा उपटून टाकला. सगळ्या जगाला दार बंद. मग त्याखाली एक अपवाद लिहिला: या बनावटीच्या, या ब्राउझरच्या फोनला, हे एकच पान, काही न विचारता. नियमांचा क्रम चुकला तर सगळंच फसतं, म्हणून तीनदा वाचला. आयुष्यात इतका काटेकोर नियम मी लिहिला नव्हता, आणि तो कुणासाठी, तर त्याच्यासाठी.

आता खूण. ‘उजवा’ पुसून ‘डावा’ लिहिलं. आणि बोट थांबलं.

डाव्या फाट्यावर पुढे काय? फणस, हातपंप, हे कुठंही सापडतं. पण त्याला थांबवायला खरं घर हवं होतं. खोटं लिहिलं तर दहा मिनिटांत शोधून, चिडून मागे फिरेल आणि उजवीकडे जाईल. त्या डाव्या रस्त्यावर मला एकच घर डोळे मिटून सांगता येत होतं. तिथंही फणस होता, मी त्याच्यावर चढून पडले होते. तिथंही हातपंप होता. पंपामागं एकच घर होतं. फक्त त्याचं दार निळं नव्हतं, तपकिरी होतं.

“सेंगा,” मी म्हणाले. “माझ्या आईचं घर.”

सेंगा उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. “दुसरं कुठलंही लिही.”

“कुठलं लिहू? कुठंही कुणीतरी राहतंच ना!”

मी आईला फोन लावला.

“प्रोसी? आज बुधवारची आठवण झाली होय माझी?”

“आई, ऐक. एक माणूस तुझ्याकडे येईल. वाईट माणूस आहे. बायकोला शोधतोय. तू आत्ता कुलूप लाव आणि मागच्या मळ्यातून चर्चकडे जा.”

“बायको माझ्याकडे आहे का त्याची?”

“नाही गं! ती दुसरीकडे आहे. मी त्याला चुकीचा रस्ता दिलाय. तुझा.”

आईनं हे सगळं ऐकून घेतलं. मागं कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, “आणि घराला कुलूप दिसलं तर तो काय करेल?”

मी घड्याळाकडे बघितलं.

“लगेच मागे फिरेल की,” आई म्हणाली. “शाळा कोण शिकलंय, तू का मी?”

“आई, त्यानं तिचा हात मोडलाय.”

“मग तर अजूनच. किती वेळ बसवायचाय त्याला?”

“अर्धा तास. पण तू...”

“अर्धा तास काय, मातोकेची केळी उकडायलाच तेवढा लागतो. फोन ठेवू नको. कमरेच्या पट्ट्यात खोचते. आणि मधे बोलू नको, तुला सवय आहे.”

मी ‘निळ्या’ पुसून ‘तपकिरी’ लिहिलं. दोन शब्द बदलले होते. दोन वेळा वाचलेलं पान, त्यातले दोन शब्द. त्याला आठवत असले तर मी माझ्या आईला उगाच चुलीजवळ बसवलं होतं आणि नालोंगोही वाचणार नव्हती. साठव म्हटलं.

दहा एकावन्नला लॉगमध्ये ओळ उमटली. तोच फोन. दोनशे.

“मशिदीशी आहे,” मी म्हणाले.

सेंगांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवळला. दहा बावन्नला तीच ओळ पुन्हा. त्यानं पान परत उघडलं होतं. लगेच, मिनिटाच्या आत.

“का?” सेंगा कुजबुजल्या.

“शंका आली असेल.”

“काय आठवलं असेल त्याला?”

“मला काय माहीत, सेंगा! मी काय त्याच्या डोक्यात बसलेय?” मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी हात काढला नाही.

दहा त्रेपन्न. तिसऱ्यांदा. मला दिसत होता तो, दोन फाट्यांच्या मधे मोटारसायकलवर एक पाय टेकून, हातात बायकोचा फोन. डाव्याकडे बघत, उजव्याकडे बघत. मग ओळी थांबल्या. पंचावन्न, सत्तावन्न, अकरा. काहीच नाही. तो निघाला होता, पण कुठं, ते सर्व्हरला माहीत नव्हतं. त्याला फक्त दाराशी आलेलं कळतं, दारावरून गेलेलं नाही.

टेबलावर माझा फोन होता, स्पीकर चालू, आमच्या बाजूचा आवाज बंद. त्यात आईच्या लुगड्याची सळसळ, विळीवर केळी सोलल्याचा आवाज. अकरा वाजून सात मिनिटांनी मोटारसायकल ऐकू आली. सेंगांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी रडायला लागले, बरं वाटलं म्हणून की भीतीनं, मला सांगता येणार नाही. तो नालोंगोकडे गेला नव्हता. तो माझ्या आईकडे आला होता.

“कुणी आहे का घरात?” पुरुषाचा आवाज. साधाच होता, चांगला होता. मला तो राक्षसासारखा हवा होता.

“या, या, स्सेबो.” हे ‘साहेब’ म्हणताना आईचा आवाज खाली गेला, ती गुडघ्यांवर बसली असणार. “रात्र कशी गेली आपली?”

“बरी गेली, माई. तुमची?”

“देवाच्या दयेनं. घरचे सगळे?”

“आहेत.”

“आणि तिकडचे सगळे?”

“आहेत, माई. मी...”

“आणि आपण कुठले म्हणायचे?”

“मासाकाचा. सालोंगो म्हणतात मला.”

“सालोंगो!” आई आनंदानं ओरडली. “जुळ्यांचे बाप माझ्या दारात! आणि उभे? नाही हो. बसा. दोन मुलगे का मुली?”

तो बसला की नाही ते कळेना. मग बाक करकरला. ज्या विचारपुशीपायी मी मघाशी जाज्जाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तीच विचारपूस आई आता एकेक करून, जराही घाई न करता त्याच्यापुढं मांडत होती, आणि सालोंगोला ती टाळता येत नव्हती. म्हातारी गुडघ्यांवर बसून विचारते तेव्हा आमच्याकडे मारणारा माणूसही उत्तर देतो. कॉफीचं पीक. रस्त्याचं डांबर. चेअरमनकीची निवडणूक. अकरा चौदा झाले.

“माई, तुमच्या घरात कोण कोण आहे?”

“मी आणि तीन कोंबड्या.”

“एक बाई ठेवलीय ना तुम्ही?”

“मला कोण बाई देतंय, बाबा? मुलगी आहे एक, तीही येत नाही.”

बाक पुन्हा करकरला. पावलं. आतली पावलं. माझ्या खोलीत गेला तो. तिथली फळी मला आवाजावरून कळते. कपाटाचं दार. मग तो ओरडला, “बाबिर्ये! नाकातो! बाबांची हाक ऐकू येत नाही का?”

ओ द्यायला घरात कुणीच नव्हतं. त्या हाकेनं माझ्या अंगावर काटा आला, कारण तिच्यात लाड होता.

“सालोंगो,” आई म्हणाली, “मातोके झालेत. शेंगदाण्याची आमटी आहे. जुळ्यांचा बाप माझ्या घरून उपाशी गेला तर मी गावाला तोंड कसं दाखवू?”

माझ्या घड्याळात दोन मिनिटं गेली. मग ताटलीचा आवाज. तो जेवत होता. सेंगांच्या फोनवर अकरा सव्वीसला एक निरोप आला. जाज्जाचा. ‘कोंबडी पाण्यापलीकडे. पिल्लं झोपली.’ सेंगा खुर्चीत बसल्या आणि चेहऱ्यावर पदर घेतला. मी फोनकडे बघत होते. माझं अजून संपलं नव्हतं.

“जेवण छान होतं, माई,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, वेगळ्या आवाजात, “हा फोटो कुणाचा?”

आमच्या ऑफिसचा होता. गेल्या वर्षीचा, फाटकाशी काढलेला, मागं संस्थेची पाटी आणि सेंगांच्या शेजारी दात काढून हसणारी मी. मीच चौकट करून दिला होता.

“माझी मुलगी,” आई म्हणाली. नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. पण माझ्या आईला आपली मुलगी कधीच नाकारता आली नाही.

“इथं काम करते?”

“हो.”

“काय काम?”

“कॉम्प्युटरचं काहीतरी. मला नाही कळत.”

तो हसला. खरंच हसला, हळूच, आणि त्याला सगळं कळलं. टेबलावरच्या लॉगमध्ये एक ओळ उमटली. अकरा एकतीस. त्यानं पान उघडलं होतं, आईच्या समोर उभं राहून, आणि आता तो ते नीट वाचत होता. डावा. तपकिरी. मी अपवादाची ओळ पुसली. अकरा बत्तीसला तो परत आला, आणि सर्व्हरनं त्याला चारशे एक दिलं. त्या ओळीतून आम्ही एकमेकांकडे बघितलं असं मला वाटलं.

“मुलगी हुशार आहे तुमची,” तो म्हणाला. “घर पण चांगलं आहे. आता रस्ता माहीत झाला. मी येत जाईन, माई.”

“या,” आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे पाहुण्याला दुसरं काही म्हणत नाहीत.

मोटारसायकल गेली. आईनं फोन पट्ट्यातून काढला. “गेला. ताटली चाटून गेला,” ती म्हणाली, आणि मग हळूच, “प्रोसी, हा परत यायचा गं.”

त्याच दुपारी सेंगांच्या भावाच्या व्हॅनमधून आम्ही आईला आणलं. ती कोंबड्यांशिवाय निघेना. कॉफी तोडायला आली होती, ती झाडावरच राहिली. बाबांच्या कबरीशी दोन मिनिटं उभी राहिली, आणि तपकिरी दाराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. ज्या घरी तिला ठेवलं ते कुठं आहे ते मी सांगणार नाही.

तार जोडली जाईपर्यंत मी ऑफिसची अट काढून सगळ्यांना नुसता पासवर्ड सक्तीचा केला होता, आणि गुरुवारी सकाळी मी नवं पान उघडायला गेले. ऑफिसातल्या टेबलावरच बसले होते, तरी सर्व्हरनं मला पासवर्ड विचारला. शेजारच्या खोलीतून सेंगांचा आवाज आला, “प्रोसी, यंत्र मला ओळखत नाही!” आणि मग त्यांनाच काहीतरी आठवलं असावं, कारण त्या स्वतःच चष्मा शोधायला लागल्या.

क्रमांक एकशे अठरा. वय एकसष्ट. सोबत: तीन कोंबड्या. धोका कुणापासून: एकशे चारच्या नवऱ्यापासून. शेवटचा रकाना असतो कारणाचा. तिथं इतर बायकांच्या पानांवर मारहाण लिहिलेलं असतं, दारू लिहिलेलं असतं, जमीन लिहिलेलं असतं. मी लिहिलं: मुलीचा नियम, दोनपैकी एक पुरे.

सेंगांनी माझ्या मागं उभं राहून ते वाचलं. काही पुसायला सांगितलं नाही. “साठव,” म्हणाल्या.